घोडामाशाचे सोबती
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



कांचेच्या टाकींत समुद्राचें खारें पाणी भरून त्यांत मासे पाळण्याचा छंद तसा फार जुना नाहीं. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत लोकांना पाहण्यासाठीं मत्स्यालय उघडलें तें १८५३ सालीं. आणि दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकानें ‘द ॲक्वेरियम’ या नांवाचा ग्रंथ लिहून त्या छंदाची गोडी इंग्लंडांतील सुशिक्षित कुटुंबांना लावली. तेव्हांपासून आजपर्यंत पाहणाराचें मन हटकून वेधून घेणारा जो एक प्राणी आहे, तो म्हणजे घोडामासा. इंग्रजींत त्याला सी-हॉर्स म्हणतात. तोंड घोड्याचें, शेंपटी माकडाची, डोळे सरड्याप्रमाणें वेगवेगळ्या दिशांना फिरणारे, आणि नराच्या पोटावर कांगारूच्या मादीला असते तशी पिशवी! ब्रह्मदेवानें उरलेसुरले अवयव एकत्र करून एक गंमत करून पाहिली असावी, असेंच हें ध्यान पाहून वाटतें. आणि तरीहि तें विद्रूप दिसत नाहीं. उलट त्याच्या संथ, डौलदार चालींत एक प्रकारचें राजसपण आहे.

असा घोडामाशांचा जोडा घरीं आला कीं दोनचार दिवसांतच घरांतील मंडळींना एक प्रश्न पडूं लागतो. एवढी मोठी टाकी, तींत हे दोनच प्राणी, आणि तेहि कोठेंतरी शेंपटी गुंडाळून तासन् तास बसून राहिलेले! बाकीचें पाणी रिकामें दिसतें. मग कोणीतरी म्हणतें, “यांच्या सोबतीला आणखी कांहीं मासे सोडले तर? भांडखोर नकोत, चांगले शांत स्वभावाचे पाहून आणूं.” सूचना साधी दिसते आणि तिच्यामागची भावनाहि चांगली असते. परंतु घोडामाशाच्या बाबतींत ‘शांत स्वभावाचा सोबती’ या शब्दांचा अर्थ आपण समजतों त्याहून बराच निराळा आहे. तो अर्थ उलगडून सांगावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

आरंभीं एक खुलासा केला पाहिजे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यांत घोडामासे अधूनमधून सांपडतात. परंतु ते घरीं आणण्याचा विचार कोणी मनांतहि आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें ज्या प्राण्यांना अभय मिळालें आहे, त्यांत २००१ सालीं घोडामाशांचा व त्यांच्या कुळांतील इतर माशांचा समावेश झाला. आपल्या समुद्रांतील घोडामासा पकडणें किंवा विकणें हा गुन्हा आहे. हा निर्बंध अनाठायीं नाहीं. वाळविलेल्या घोडामाशांना चिनी औषधांत मोठी मागणी असल्यामुळें आणि मोठ्या जाळ्यांत इतर माशांबरोबर तेहि ओढले जात असल्यामुळें जगांतील पुष्कळ किनाऱ्यांवरून ते विरळ होत चालले आहेत. २००२ सालीं घोडामाशांच्या सर्व जातींना आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादींत स्थान मिळालें, व २००४ सालापासून त्याचा अंमल सुरू झाला.

तेव्हां हें भाषण मुख्यतः अमेरिका, यूरोप, ऑस्ट्रेलिया या भागांतील छंदाविषयीं आहे. तेथें हवाई बेटांवर व टास्मानियांत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून घोडामाशांची रीतसर पैदास होऊं लागली, आणि समुद्राला हात न लावतां, टाकींतच जन्मलेलीं पिलें विकत मिळूं लागलीं. आपलींहि पुष्कळ कुटुंबें त्या देशांत आज राहतात. त्यांच्या दिवाणखान्यांत अशी टाकी असेल तर त्यांना या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग होईल. इतरांना निदान एका विलक्षण प्राण्याची ओळख होईल, आणि सोबत कशाला म्हणावें याविषयीं थोडा विचारहि करतां येईल.

उदाहरणादाखल आपण एकच जात डोळ्यांपुढें ठेवूं. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर राहणारा रेघी घोडामासा, शास्त्रीय नांव हिप्पोकॅम्पस इरेक्टस, हा तेथील पाळणाऱ्यांत विशेष आवडता आहे. पुरा वाढलेला प्राणी सुमारें १५ सेंटिमीटर लांबीचा भरतो. एका जोड्याला १०० ते १२० लिटर पाण्याची टाकी लागते आणि ती पसरट असण्यापेक्षां उंच असलेली बरी. कारण विणीच्या वेळीं हा जोडा पाण्यांत सरळ वर चढत जातो.

सोबत्यांची निवड करण्यापूर्वीं ज्याच्यासाठीं सोबती पाहावयाचा त्याची प्रकृति समजून घेतली पाहिजे. स्थळ पाहतांना आपण जशी दोन्हीकडची चौकशी करतों, तशीच येथेंहि करावयास हवी.

घोडामाशाच्या अंगावर खवले नसतात. कातडीखालीं हाडांच्या कड्यांचें चिलखत असतें. शेंपटीला पर नाहीं, पोटालाहि पर नाहींत. पाठीवरचा एक लहानसा पर सेकंदाला तीस-पस्तीस वेळां फडफडवून तो पुढें सरकतो आणि गालांमागच्या दोन चिमुकल्या परांनीं तोल सांभाळतो. चिलखत चढविलेल्या माणसाला जसें धांवतां येत नाहीं, तसेंच याचें आहे. पळून जाणें हा त्याच्या बचावाचा मार्गच नव्हे. गवताला शेंपटी गुंडाळून निश्चल राहावें, अंगाचा रंग भोंवतालच्या रंगाशीं मिळवून घ्यावा, आणि संकट आपल्याला न पाहतां निघून जाईल अशी वाट पाहावी, हीच त्याची युद्धनीति. समुद्रांतील गवताळ उथळ भागांत ही नीति त्याला पुरी पडते. चार भिंतींच्या टाकींत मात्र संकट निघून जात नाहीं. तें तेथेंच राहतें.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. घोडामाशाला दांत नाहींत आणि जठरहि नाहीं. खाल्लेलें अन्न सांठवून ठेवण्याची सोयच शरीरांत नसल्यामुळें तें लवकर पुढें सरकतें व त्याचें पचनहि पुरेसें होत नाहीं. म्हणून त्याला दिवसभर थोडें थोडें खावें लागतें. टाकींतल्या घोडामाशाला दिवसांतून निदान दोन-तीन वेळां अन्न द्यावें लागतें. तें अन्न म्हणजे बहुधा मायसिस नांवाची, आपल्या जवळ्यासारखी दिसणारी बारीक कोळंबी होय. ती बर्फांत गोठविलेली मिळते.

आतां त्याची खाण्याची रीत पाहा. तो भक्ष्याचा पाठलाग करीत नाहीं. हळूहळू त्याच्या जवळ सरकतो आणि एकाएकीं मान झटकून नळीसारख्या तोंडानें तें पाण्यासकट आंत ओढून घेतो. ही शेवटची झडप इतकी जलद असते कीं आपल्या डोळ्यांना ती दिसतच नाहीं. ‘टक्’ असा बारीक आवाज मात्र शांत खोलींत ऐकूं येतो. टेक्सास विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं असें दाखविलें कीं, घोडामाशाच्या मुखाचा आकारच असा आहे कीं त्याच्या पुढच्या पाण्यांत फारशी खळबळ होत नाहीं. त्यामुळें अत्यंत सावध अशा सूक्ष्म भक्ष्यालाहि त्याची चाहूल लागत नाहीं. त्यांनीं अभ्यासिलेला बुटका घोडामासा स्थिर पाण्यांत दहांपैकीं सुमारें नऊ वेळां यशस्वी होत असे. थोडक्यांत म्हणजे, याचें तोंड विजेचें आहे आणि पाय गोगलगाईचे आहेत. शिवाय स्वभाव चोखंदळ! समोर आलेला घांस तो आधीं एका डोळ्यानें न्याहाळील, मग दुसऱ्या डोळ्यानें न्याहाळील, आणि पसंत पडला तरच उचलील. या न्याहाळण्यांत कांहीं क्षण जातात. त्याच्या आयुष्याचा सारा प्रश्न त्या कांहीं क्षणांत सांठविलेला आहे.

कां, तें सांगतों. टाकींत दुसरा एखादा चपळ मासा असेल तर त्या क्षणांत तो घांस त्यानें गिळलेला असतो. त्यानें घोडामाशाला धक्का मारलेला नसतो, चावा घेतलेला नसतो, डोळेहि वटारलेले नसतात. माशांच्या दुकानांतील पाटीवर ‘शांत स्वभावाचा’ असें त्याचें वर्णन असतें आणि तें अक्षरशः खरेंहि असतें. परंतु सकाळीं हें घडतें, दुपारीं हें घडतें, संध्याकाळींहि घडतें. घोडामासा भांडत नाहीं. तो पुढच्या घांसाची वाट पाहत राहतो. यजमानाला वाटतें कीं टाकींत किती गोडीगुलाबीनें सारे नांदत आहेत! आणि तीन-चार आठवड्यांनीं एके सकाळीं घोडामासा तळाशीं आडवा पडलेला आढळतो. ज्या घरांत कोणी कोणाला कठोर शब्द बोलत नाहीं, त्याहि घरांत पंक्तीच्या शेवटीं बसणारें माणूस उपाशी राहूं शकतें. तसाच हा प्रकार आहे.

तात्पर्य, सोबती शांत आहे कीं नाहीं एवढें पाहून भागत नाहीं. प्रत्येक उमेदवाराला चार प्रश्न विचारावे लागतात. एक, तो घोडामाशाला इजा करील काय? दोन, तो त्याचा घांस पळवील काय? तीन, घोडामाशाला मानवणारें पाणी त्याला मानवेल काय? आणि चार, तो आपल्याबरोबर रोग घेऊन येईल काय? या चारींपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर वाईट आलें तर बाकीचे गुण कितीहि असोत, त्याला नकार द्यावा.

पहिल्या प्रश्नांत बाद होणारांची यादी मोठी आहे, पण तींत फारसा विचार करण्याचें कारण पडत नाहीं. वाम, हेकरू यांसारखे शिकारी मासे त्याला गिळतील. केंड आणि ट्रिगर मासे त्याचे पर कुरतडतील. मोठे खेकडे आणि शेवंडे यांच्या नांगीला शेंपटी गुंडाळून बसलेला, न पळणारा प्राणी म्हणजे आयतें सावज. डॅमसेल या नांवाचे लहान, निळे, देखणे मासे आपल्या हद्दीसाठीं इतके भांडतात कीं त्यांचा विचारच नको.

परंतु याच प्रश्नांत बाद होणारे कांहीं उमेदवार फार मोहक असतात, आणि तेथेंच पुष्कळांची फसगत होते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊन मासा आणि तो ज्यांत राहतो तें समुद्रफूल, हें जोडपें कोणाला आवडणार नाहीं? पण समुद्रफूल हें फूल नव्हे. तो दंश करणाऱ्या शेंकडों बोटांचा प्राणी आहे. क्लाऊन माशाला त्या दंशाची बाधा होत नाहीं, घोडामाशाला होते. त्यांतून घोडामाशाची खोड अशी कीं, जें उभें दिसेल त्याला शेंपटी गुंडाळावयाची. तो पवित्र-अपवित्र पाहत नाहीं. समुद्रफुलाला त्यानें एकदां मिठी मारली कीं कातडी भाजते आणि त्या जखमेंतून रोग शिरतो. कठीण पोवळ्यांच्या ज्या जातींचीं दंश करणारीं बोटें लांब असतात, त्यांचीहि हीच गोष्ट. मोठा, जिवंत शिंपला कवच मिटतांना शेंपटी चिमटींत पकडतो. हत्तीच्या कानासारखें दिसणारें एक मोठें मऊ पोवळें तर लहान मासे मिटवून खाऊनच टाकतें.

निर्जीव वस्तूहि सोबत्यांतच मोडतात हें येथेंच सांगून ठेवतों. पाणी तापविणाऱ्या विजेच्या नळीला घोडामासा विळखा घालून बसतो आणि भाजतो, पण लवकर सोडीत नाहीं. पंपाच्या तोंडांत त्याची शेंपटी ओढली जाते. म्हणून पहिलीवर जाळीचें आवरण व दुसऱ्यावर स्पंज बसविल्याशिवाय घोडामासा टाकींत सोडूं नये.

मग त्यानें विळखा घालावा तरी कशाला? यासाठीं समुद्रांतील हिरवें-तांबडें शेवाळ, पंख्यासारखीं मऊ फांद्यांचीं पोवळीं, चामड्यासारखीं दिसणारीं मऊ पोवळीं, अशी दंश न करणारी मंडळी उत्तम. माझ्या मतें घोडामाशाचा पहिला व खरा सोबती मासा नव्हेच. तें शेवाळ आहे. तें त्याला आधार देतें, आडोसा देतें, पाणी स्वच्छ ठेवण्यास मदत करतें, आणि त्याच्या ताटांतलें कांहीं मागत नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे घांस पळविण्याकडे, आतां वळूं. सर्जन मासे स्वभावानें तसे वाईट नव्हेत. पण त्यांच्या शेंपटीजवळ शस्त्रवैद्याच्या सुरीसारखा कांटा असतो, त्यावरूनच त्यांना तें नांव पडलें. आणि टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची सारखी येरझार चालू असते. त्या धांवपळीनेंच घोडामासा बावरून जातो. रास जातीचे मासे रंगीत, उद्योगी आणि अत्यंत चपळ. त्यांच्यासमोर टाकलेली कोळंबी तळापर्यंत पोंचतच नाहीं. सफाई करणारी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी ही मोठी नम्र दिसते. इतर माशांच्या अंगावरचे किडे ती वेंचून काढते. पण भूक लागली कीं घोडामाशाच्या अगदीं तोंडाजवळून घांस ओढून नेण्यास ती कचरत नाहीं. लहान आकाराच्या कोळंब्यांचा प्रश्न उलट्या बाजूनें सुटतो; त्यांना घोडामासाच गट्ट करतो! तेव्हां कोळंबी ठेवावयाचीच तर त्याच्या तोंडांत न मावेल इतकी मोठी, संख्येनें एक-दोनच, आणि तिचें पोट आधीं भरेल अशी व्यवस्था करून ठेवावी.

तिसरा प्रश्न पाण्याचा. प्रवाळांची टाकी ठेवणारे लोक पाणी बहुधा २५-२६ अंश सेल्सिअस इतकें ऊन ठेवतात. घोडामाशासाठीं मात्र अनुभवी पाळणारे तें २२-२३ अंशांच्या पुढें जाऊं देत नाहींत. याचें कारण असें कीं, घोडामाशाला घातक अशा व्हिब्रियो जातीच्या जंतूंची वाढ उबदार पाण्यांत झपाट्यानें होते. शिवाय पाण्याचा प्रवाह स्वच्छतेपुरता असावा, पण अन्न भिरकावून नेण्याइतका जोरदार असूं नये. ज्या माशाला ऊन पाणी व खळाळता प्रवाह हवा, त्याच्यासाठीं घोडामाशाला गैरसोयींत ठेवणें योग्य नव्हे.

चौथा प्रश्न रोगाचा, आणि येथें एका जवळच्या नातेवाइकाला नाकारावें लागतें. घोडामाशाच्याच कुळांत नळीसारखा सरळ, लांब असा एक मासा आहे. त्याला आपण नळीमासा म्हणूं. त्याचेंहि तोंड तसेंच, गतीहि मंद, नरच अंडीं सांभाळतो. सोबतीला याच्याइतका अनुरूप कोण असणार, असें कोणालाहि वाटेल. पण बाजारांत येणारे नळीमासे बहुतेक समुद्रांतूनच धरून आणलेले असतात, आणि त्यांच्याबरोबर असे जंतु व कृमि येतात कीं, टाकींत जन्मलेल्या घोडामाशाच्या शरीराला त्यांची कधीं ओळखच झालेली नसते. कूळ जुळलें म्हणजे स्थळ जुळलें असें येथें नाहीं. याच कारणास्तव दोन निरनिराळ्या जातींचे, किंवा दोन निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेले घोडामासेहि एकत्र ठेवूं नयेत.

इतक्या सगळ्यांना नकार दिल्यावर उरलें तरी कोण, असें आपण विचाराल. कांहीं चांगले उमेदवार उरतात.

सर्वांत निर्धोक म्हणजे शंखांतील गोगलगाई. शेवाळ खरवडून खाणाऱ्या आणि वाळूंत पुरून घेऊन उरलेंसुरलें अन्न शोधणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या ठेवाव्या. घोडामासा जें अन्न नाकारतो तें तळाशीं कुजूं लागतें. तें साफ करण्याचें काम त्या मुकाट्यानें करतात. शंखांत राहणारे अगदीं लहान, तांबड्या पायांचे संन्यासी खेकडेहि चालतात, पण लहानच. मोठ्यांच्या संन्यासाचा भरंवसा नाहीं.

माशांमध्यें बांगाई कार्डिनल हा एक सोबती विशेष शोभतो. रुपेरी अंगावर काळे पट्टे आणि पांढरे ठिपके, लांब पर, आणि चाल अशी मंद कीं पाण्यांत टांगून ठेवल्यासारखा वाटावा. हा मूळचा इंडोनेशियांतील बांगाई बेटांचा. याचेंहि वैशिष्ट्य असें कीं पितृत्वाचा भार नर उचलतो. घोडामाशाचा नर अंडीं पोटावरच्या पिशवींत बाळगतो, तर हा तीं तोंडांत धरून ठेवतो, आणि पिलें बाहेर येऊन थोडीं सावरेपर्यंत उपास काढतो. दोन असे वत्सल बाप एका टाकींत असावे हें दृश्य सुंदर आहे यांत शंका नाहीं. मात्र या जातीचे दोन नर एकत्र आले कीं आपसांत भांडतात. म्हणून एक, किंवा जमलेला एक जोडाच ठेवावा. शिवाय समुद्रांतील याची संख्या घटल्यामुळें २००७ सालीं त्याची नोंद संकटग्रस्त जातींत झाली आहे. त्यामुळें हाहि टाकींत जन्मलेलाच मागून घ्यावा. एका विरळ प्राण्याच्या करमणुकीसाठीं दुसऱ्या विरळ प्राण्याला त्याच्या घरांतून उचलून आणणें हें शहाणपण नव्हे.

दुसरे चांगले सोबती म्हणजे गोबी जातीचे लहान मासे. त्यांतील निळ्या रेघेचा निऑन गोबी बोटाच्या दोन पेरांएवढा असतो व दगडावर बसून राहतो. त्याचा घांस लहान, हद्द लहान, आणि महत्त्वाकांक्षाहि लहान. फायरफिश नांवाचा मासाहि शांत व भित्रा आहे. परंतु दचकला कीं पाण्याबाहेर उडी घेतो, म्हणून टाकीवर जाळीचें झांकण हवें. अर्धा जांभळा व अर्धा पिवळा असा रॉयल ग्रामा मासा बहुधा निभावतो. पण आपल्या कपारीचा त्याला अभिमान असतो, तेव्हां ती कपार घोडामाशाच्या जेवणाच्या जागेपासून दूर असावी.

मँडरिन माशाविषयीं स्वतंत्र बोललें पाहिजे. निळ्या अंगावर नारिंगी नक्षी अशी कीं पैठणीच्या पदराची आठवण व्हावी. स्वभाव शांत, चाल मंद, कोणाच्या वाटेला जात नाहीं. आपल्या चार प्रश्नांपैकीं पहिल्या तिहींत तो उत्तम रीतीनें उतरतो, आणि रोगाच्या बाबतींतहि पुष्कळांपेक्षां बरा. मग अडचण कोठें आहे? अडचण त्याच्या स्वतःच्या पोटाची आहे. तो दिवसभर दगडांवरचे अतिसूक्ष्म जिवंत जीव टिपून खातो, आणि गोठविलेल्या अन्नाला बहुधा तोंड लावीत नाहीं. लहान, नव्या टाकींतील ते जीव थोड्याच दिवसांत संपतात. घोडामाशाला त्याच्यापासून भय नाहीं. पण तो स्वतःच उपाशी मरतो. म्हणून टाकी मोठी, भरपूर जिवंत दगडांची आणि निदान वर्षभर मुरलेली असेल तरच त्याला आणावा. सोबती निवडतांना पाहुण्याचीहि पोटाची व्यवस्था पाहावयाची असते, हें आपण विसरतां कामा नये.

आतां निवड झाल्यावर काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. प्रथम घोडामाशांना टाकींत आणून रुळूं द्यावें. ते एका ठराविक जागीं, एखाद्या शिंपल्यांत किंवा कांचेच्या वाटींत, ठराविक वेळीं अन्न घेऊं लागले म्हणजे मग सोबत्याचा विचार करावा. आधीं आलेला मासा टाकीला आपलें घर समजतो, आणि मागून येणारावर हक्क गाजवितो. येथें तो पहिला मान घोडामाशाचा असावा. नव्या पाहुण्याला सरळ टाकींत न सोडतां चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकींत ठेवावें. प्लेगच्या दिवसांतील क्वारंटीन आपल्या वाडवडिलांना जांचक वाटे, पण तिच्यामागचा हेतु खोटा नव्हता. आणि एका वेळीं एकच पाहुणा आणावा, म्हणजे बिघडलें तर कोणामुळें बिघडलें हें कळतें.

त्यानंतर खरें काम सुरू होतें, तें म्हणजे पाहण्याचें. जेवणाच्या वेळीं दहा मिनिटें टाकीसमोर बसावें. घोडामाशाच्या पुढ्यांत पडलेले घांस कोणाच्या तोंडांत जातात, तें मोजावें. ‘टक्’ असा आवाज किती वेळां आला, तो ऐकावा. त्याच्या पोटाकडे बाजूनें पाहावें. कड्यांमधील भाग भरलेला दिसतो कीं आंत ओढल्यासारखा? अंगाचा रंग कायमचा काळवंडला आहे काय? कल्ल्यांची हालचाल नेहमींपेक्षां जलद आहे काय? पूर्वीं उघड्यावर बसणारा प्राणी आतां कोपरा धरून बसतो काय? यांपैकीं एक जरी लक्षण दिसलें तरी वाट पाहूं नये. सोबत्याला त्याच दिवशीं बाहेर काढावें. म्हणूनच ती वेगळी टाकी पहिल्या पाहुण्याबरोबर मोडून टाकूं नये. ती सदैव तयार असावी. ज्याला परत नेण्याची सोय नाहीं, अशा पाहुण्याला बोलावूंच नये.

शेवटीं मूळ प्रश्नाकडे येतों. घोडामाशाला सोबत हवी असते काय? हवी असते, पण ती आपल्याच जातीची. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील घोडामाशांच्या एका जातीचा पाण्यांत उतरून जो अभ्यास झाला व १९९५ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत असें आढळलें कीं नर व मादी यांची जोडी त्या विणीच्या हंगामांत एकनिष्ठ राहते. रोज सकाळीं मादी नराकडे येते. दोघांचे रंग उजळतात. एकाच गवताच्या काडीला शेंपट्या गुंडाळून तीं दोघें कांहीं मिनिटें तिच्याभोंवतीं गोल फिरतात, आणि मग आपआपल्या कामाला लागतात. टाकींतहि अशा भेटी दिसतात. ज्या यजमानाला टाकी रिकामी वाटते, त्यानें एके दिवशीं सकाळीं दिवा लावल्यावर थोडा वेळ तेथें थांबून पाहावें. ती रिकामी नसते; तेथें जें चाललें आहे तें हळू चाललेलें असतें, एवढेंच.

आपल्याला टाकींत गजबज हवी असते, कारण आपली नजर धांवत्या वस्तूंना संवकलेली आहे. ही गरज आपली आहे, घोडामाशाची नव्हे. सोबती त्याच्यासाठीं आणतों असें म्हणत आपण पुष्कळदां तो आपल्यासाठींच आणतों. तसें असेल तर तें उघडपणें मान्य करावें, आणि धांवत्या माशांसाठीं दुसरी टाकी मांडावी. त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. पण घोडामाशाच्या टाकींत शेवाळाचें एक दाट बेट, चार गोगलगाई, फार तर एखादा गोबी किंवा कार्डिनल, आणि ज्याच्या भेटीनें त्याचा रंग उजळतो असा त्याचा जोडीदार, एवढा संसार त्याला पुरेसा आहे. जो प्राणी आपला घांस झगडून मिळवूं शकत नाहीं, त्याचा घांस कोणी हिरावणार नाहीं अशी व्यवस्था करणें, हीच त्याला दिलेली खरी सोबत होय.